पाय धुतलेली लेन्स

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू घ्यायची झाली की ती बैलासारखी घेतली जायची. फ्रिज घेताना काकांनी दुकानात त्याचं दार उघडून आत डोकं घातलं होतं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नव्हतं. बाबांनी मोटरसायकल घेतली तेव्हा काकांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या चाकापाशी उकिडवं बसून तिला थोपटलं आणि विकणाऱ्याला विचारलं, "मधीच बसत तर नाय ना?" दुकानदार हसायचे, पण काकांना त्याचं काही वाटत नसे. म्हसा गावच्या जत्रेत बैल पारखण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आसपासच्या गावांतले लोक जत्रेला जाताना त्यांना सोबत न्यायचे, येताना चहा-भजी खिलवायचे. पारख हा त्यांचा मान होता. तो मान त्यांनी माझ्या लेन्सवर कसा खर्च केला, ते मला लिहायचं आहे.

आमचं घर शहापूरहून मुरबाडला जाताना सापगाव ओलांडून पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. घरात आई, बाबा, काका, काकी आणि मी. काकांचा मुलगा भिवंडीला गोदामात कामाला होता, सणावारालाच यायचा. बाबा आसनगावजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही प्रहरी घरात कुणीतरी झोपलेलं असायचं आणि आम्ही बायका हळू बोलायला शिकलो होतो. काकांना मात्र हळू बोलता येत नसे. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलण्यात जन्म गेला की आवाज तसाच घडतो. भात कापून झालं की अंगणात झोडणी सुरू व्हायची. पेंढ्या फळीवर आपटल्याचा तो धप् धप् आवाज, मध्येच काकीचा भाकरी थापतानाचा, आणि त्या दोन्हींच्या वरून काकांचा. आजही कुठल्या शांत घरात गेले की मला आधी चुकल्यासारखं होतं.

मी शहापूरच्या इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या घरातून तिथे गेलेली मी पहिली. पिवळी बस मला नाक्यावर उतरवायची आणि तिथून घरापर्यंत चालताना मी मनातल्या मनात एक भाषा काढून दुसरी घालायचे. तरी काहीतरी उरायचंच. शाळेत माझ्या बोलण्यात गाव यायचं, घरी पुस्तक यायचं. दोन्हीकडे लोक हसले की मी गप्प व्हायचे, आणि गप्प राहिलं की दोन्हीकडे शहाणी ठरायचे. असा सोपा मार्ग सापडल्यावर कोण सोडेल? कॉलेजात जाईपर्यंत मी इतकी कमी बोलायला लागले होते की काकी मला "आमची पाहुणी" म्हणायची.

कॅमेरा मामाने दिला. त्याने नवा फोन घेतला आणि जुना कॅमेरा, त्याच्यासोबत आलेल्या छोट्या लेन्ससकट, माझ्या हातात ठेवला. त्या लेन्सची एक अडचण होती. ज्याचं चित्र हवं त्याच्या अगदी अंगाशी जावं लागायचं. खंड्या पक्षी तोवर थांबत नसे. माणसं थांबायची, पण ती त्याहून वाईट. कॅमेरा जवळ आला की ती ताठ व्हायची, हात मांडीला चिकटवायची आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकायची. मला त्यांचं ते पुसायच्या आधीचं हवं होतं. शिवाय कुणाच्या जवळ जाऊन "जरा इकडे बघा" म्हणायचं, हे माझ्याकडून होणारं काम नव्हतं.

म्हणून मला लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स हवी होती. कुठली, तेही मी ठरवलं होतं. पंचावन्न ते अडीचशे मिलिमीटरची. पाण्याच्या तांब्याहून लहान, वजनाला हलकी, हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी. याहून लांबचं दाखवणाऱ्या लेन्सा असतात, पण स्वस्तात लांबचं घ्यायला गेलं की दुसरीकडे काहीतरी सोडावं लागतं. ती जड होते, किंवा कमी उजेडात आंधळी होते, किंवा टोकाला ताणली की चित्र भुरकट देते. हे सगळं मी वाचून वाचून पाठ केलं होतं. घरात यातलं एक अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं.

पैशाचा प्रश्न बैलांनी सोडवला. त्या वर्षी काकांनी त्यांची शेवटची जोडी विकली. नांगरणीला भाड्याचा पॉवर टिलर यायला लागला होता आणि दोन जनावरं वर्षभर पोसायची ती चार दिवसांच्या कामासाठी, हे त्यांनाही पटेनासं झालं होतं. एका बैलाचे पैसे घराचे पत्रे बदलायला काढून ठेवले. दुसऱ्याचं काय करायचं यावर जेवताना बोलणं चाललं होतं, तेव्हा काका एकदम म्हणाले, "मिनूला दुर्बीण घेऊ."

आई म्हणाली, "भावजी, काहीतरीच काय?"

"काहीतरी काय? बांधावर पोटावर सरपटत होती परवा, त्या खंड्यामागं. मी म्हटलं फुरसं डसलं की काय पोरीला! लांबून ओढनारं कायतरी पायजे तिला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या बिरड्यातले वाल मोजल्यासारखे बघत राहिले. मला इतका आनंद झाला होता की मान वर करता येईना.

मुरबाडला एस.टी. स्टँडजवळ विलासभाऊ नावाच्या एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. टोकावड्यापासून धसईपर्यंतची लग्नं ते करायचे. आता सगळ्यांना लग्नात ड्रोन हवा म्हणून ते जुन्या लेन्सा काढून टाकत होते, आणि विकायला काढलेल्या दोन लेन्सांपैकी छोटी म्हणजे मला हवी तीच पंचावन्न-अडीचशे होती. मोटरसायकलवर काकांच्या मागे बसून मी मुरबाडला गेले, ते दुकानात म्हणायचं वाक्य मनात घोळवत. वाक्य एवढंच होतं: मला ही छोटी हवी.

विलासभाऊंनी काचेच्या टेबलावर दोन लेन्सा ठेवल्या. एक माझी. दुसरी दीडशे ते पाचशेची, जुनी, उखळीच्या मुसळासारखी जाड, खाली ट्रायपॉडला बसवायला लोखंडी पाय असलेली. काकांनी माझ्या लेन्सकडे पाहिलंही नाही. त्यांनी दुसरी दोन्ही हातांत घेतली, कानाशी धरून हलवली, पुढची काच उन्हाकडे करून आत डोकावले आणि विचारलं, "कुनाच्या हाताखाली व्हता हा?"

"माझ्याच की, काका."

"मंग इकतोस कशाला? चांगला बैल कोन इकतो?"

"अहो, आता ड्रोनचा जमाना आहे. हिला कोण विचारत नाही."

"म्हंजे जनावरात खोट नाय. तुझाच जीव उडाला."

"तसंच समजा," विलासभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, ही छोटी पण बघा. तुम्हाला हलकी पडेल."

काकांनी ती एका हाताच्या तळव्यावर तोलली. "हे खोंड हाय," म्हणाले आणि परत ठेवली.

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून विलासभाऊंच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला. जत्रेत बैलांचा भाव असाच ठरतो. आजूबाजूला दलाल उभे असतात, त्यांना कळू नये म्हणून टॉवेलाखाली बोटं दाबून आकडे सांगायचे. दुकानात आमच्या तिघांशिवाय फक्त एक बाई पासपोर्टचा फोटो काढून घ्यायला आली होती. ती खुर्चीवरून उठून बघायला आली.

"काका, माझे आजोबा करायचे असं. मला नाय येत," विलासभाऊ म्हणाले. "आणि गुदगुल्या होतायत."

"हात ढिला सोड. आता बोल, किती दाबली?"

"तीन?"

"दोन. तिसरा तुझाच आंगठा हाय."

ती बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात माझी वेळ निघून गेली. भाव ठरला होता. विलासभाऊंनी शेवटी एकदा विचारलं, "ताई, वापरणार तुम्ही. तुम्ही सांगा ना, चालेल ना ही?"

मी म्हटलं, "बघते."

हा शब्द मी जन्मभर वापरत आले आहे. ज्याला नाही म्हणायचं असतं त्यालाही मी 'बघते' म्हणते आणि ज्याला हो म्हणायचं असतं त्यालाही. ऐकणारा त्यातून आपल्याला हवं ते घेतो. काकांनीही घेतलं. "बगते म्हनाली. म्हंजे पसंतीवर नेऊ."

पसंतीवर म्हणजे थोडा इसार देऊन जनावर घरी न्यायचं, पुढच्या बाजारापर्यंत नांगराला जुंपून बघायचं, आवडलं तर उरलेले पैसे द्यायचे, नाही तर परत. लेन्स अशी कुणी नेली नसेल. पण विलासभाऊ मुरबाडचेच, आजोबांचा टॉवेल आठवणारे. ते हो म्हणाले.

पुढचे काही दिवस काका जितके खूश होते तितके मी त्यांना क्वचितच पाहिलं. रिकाम्या गोठ्यात आता मोटरसायकल उभी असायची. सकाळी सवयीने ते तिकडे जायचे, तिथून परत फिरायचे आणि ओटीवर ठेवलेल्या लेन्सच्या पेटीपाशी येऊन बसायचे. पेटी उघडून, बघून, परत बंद करायचे. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगायचे, "पसंतीवर आनलाय. पाचशेचा हाय." पाचशे काय, हे कुणीच विचारत नसे.

मी ती लेन्स मनापासून जुंपून पाहिली. तिच्यावर अन्याय करायचा नव्हता. आमच्या खळ्यावरून माहुलीच्या सुळक्यांवरच्या कातळाच्या भेगा तिने मला दाखवल्या. पण ती दोन किलो साखरेच्या पुड्याएवढी जड होती, धरून धरून माझं मनगट कापायला लागायचं आणि कापणारा हात सावरून घ्यायची सोय तिच्यात नव्हती. ऊन उतरलं की फोकस सापडत नसे, घर्र घर्र करत ती मागेपुढे चाचपडायची. पाचशेला ताणली की वेड्या राघूचं हिरवं पीस धुवट फडक्यासारखं दिसायचं. हे सगळं मी निभावून नेलं असतं. निभावता येत नव्हतं ते दुसरंच. ती घेऊन मी बांधावर उभी राहिले की पाखरं उडायच्या आधी माणसं जमायची. वालाच्या शेतात खुरपणाऱ्या बायका लांबून ओरडायच्या, "काय गो मिनू, इमान पाडतेस काय?" पोरं मागे लागायची. रस्त्यावरची एस.टी. हळू व्हायची आणि खिडक्यांतून माना बाहेर यायच्या. मी आयुष्यभर ज्याच्यापासून लांब राहिले होते ते सगळं त्या मुसळाने माझ्याभोवती गोळा करून दिलं.

तेव्हा परत द्यायची, हे मी ठरवलं. बाजाराच्या आदल्या दिवशी कॉलेजमधून घरी येताना काकांना कसं सांगायचं याचं वाक्य जुळवत होते. अंगणात पाऊल टाकलं आणि वाक्य तिथेच गळून पडलं.

ओटीवर पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी. पाटावर माझी, म्हणजे अजून माझी न झालेली लेन्स उभी होती. तिच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ, समोर ताटलीत गुळाचा खडा आणि तांदळाच्या भाकरीचा चतकोर. काकी नव्या लुगड्यात उभी राहून तिला ओवाळत होती. काकी आठवडाभर धसईला भावाच्या घरी बारशाला गेली होती, सकाळीच आली होती. पसंतीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ये गो," ती म्हणाली. "नवा बैल घरात आला नि मी नव्हती. तसाच ठेवलाय सगळ्यांनी, ना पाय धुतले ना काय. याला तर बापड्याला एकच पाय हाय." आणि तिने ट्रायपॉडचा तो लोखंडी पाय दाखवला. धुऊन, पुसून, त्यावरही कुंकू लावलं होतं. झूमच्या कड्यात दोन अक्षता अडकल्या होत्या.

आमच्याकडे बैल विकत आणला की घरची बाई उंबऱ्याबाहेर त्याचे पाय धुते, कपाळाला हळदकुंकू लावते, भाकरी भरवते. त्या क्षणापासून तो घरचा. पसंतीवर आणलेल्या जनावराचे पाय म्हणूनच कुणी धुत नाही. इसार परत घेता येतो, धुतलेले पाय परत घेता येत नाहीत. पैसे दिले की नाही याला नंतर महत्त्व उरत नाही. काकीच्या हातातलं निरांजन बघत मी उभी राहिले. त्या एका बैलाचे पैसे होते, दुसरी लेन्स कधी येईल हे कुणाला सांगता आलं नसतं, आणि ही आत्ता माझ्या डोळ्यांसमोर ठरून गेली होती. काकीचा चेहरा इतका प्रसन्न होता, की मी वाकून पाटाला नमस्कार केला आणि आत गेले.

जेवायला बसलो तेव्हा आईनेच विषय काढला. मी तिला आधी थोडं सांगितलं होतं. ती नुसती म्हणाली, "वहिनी, ती लेन्स पसंतीवर होती."

काकीची भाकरी तव्यावरच राहिली. "म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? आता झाली घरची," काका म्हणाले. "मला तर पसंतच हाय."

"मला नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मोठा आला नव्हता. पण त्या स्वयंपाकघरात मी कधी असं काही बोललेच नव्हते, त्यामुळे बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा काकीने ती उलटली.

"मंग दुकानात बगते म्हनालीस, ते?"

"बघते म्हणजे बघते, काका."

आईला हसू फुटलं. काकांना नाही. त्यांनी विचारलं, "मोठा हाय, मजबूत हाय, लांबचं दावतो. काय वाईट हाय त्यात?"

"लांबचं दिसतं त्यातनं," मी म्हटलं. "पण मीच सगळ्यांना दिसते."

मला वाटलं, आता काका चिडतील, किंवा बाबांकडे वळून "बघ तुझी पोरगी" म्हणतील. त्यांनी सुकटीचा काटा बोटाने बाजूला काढला, परत काढला. मग म्हणाले, "नांगर धरनाऱ्याला इचारून बैल घ्यायचा असतो. माझ्या बापानं मला कवा इचारलं नाय. जो आनून बांधला तो मी हाकला. मी बी तुला तसाच आनून दिला." आणि थोड्या वेळाने, जवळजवळ हळू आवाजात, "पन आता पाय धुतले."

"धुतले ते मी," काकी म्हणाली. "सोडायचं बी मीच. तो लाथाडा पांढऱ्या नव्हता का? त्याला मीच नेऊन सोडला व्हता. ज्या बाईनं ओवाळलं तिनं नारळ देऊन पाठवला की दोष नाय. सासूनं सांगितलंय मला." मग माझ्याकडे वळून, "उद्या तू नि मी जाऊ. यांनी नाय यायचं. यांनी त्याला शबुद दिलाय."

"मी कशाला येतोय?" काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर उष्टा नसलेला हात ठेवला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एस.टी.ने मुरबाडला गेलो. काकीने लेन्स जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. खड्डा आला की ती तिला पोटाशी धरायची. कंडक्टरने विचारलं, "मावशी, पोराचं तिकीट?" तेव्हा तिने लुगड्याची घडी उघडून त्याला दाखवलं आणि अख्खी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत होते, पण मला लपावंसं वाटलं नाही, हे आठवतं.

दुकानात काकीने लेन्स टेबलावर ठेवली, शेजारी नारळ आणि गूळ-भाकरी ठेवली, लेन्सवरून हात फिरवला. "जा बाबा. चांगल्या घरी जा. आमच्यावर राग धरू नको." मग ती मागे सरकून भिंतीपाशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघत थांबली. विलासभाऊही माझ्याकडे बघत होते. एक नवरा-नवरी लग्नाचा अल्बम निवडायला बसले होते, तेही.

"हिला हळद लागलीय," मी म्हटलं. "कड्यात अक्षता पण आहेत. तुम्ही परत घ्याल का?"

विलासभाऊंनी लेन्स उचलून फिरवली, ब्रशने अक्षता काढल्या. "ताई, मी आयुष्यभर हळदीच करतोय. माझा एक कॅमेरा दाखवा ज्याला हळद नाय लागली. मागच्या महिन्यात तर नवरीच्या मावशीनं मलाच माखला." त्यांनी लेन्स बाजूला ठेवली. "पण काकांना काय सांगू? मोठा माणूस आहे तो. टॉवेल टाकलाय माझ्या हातावर."

"काकांना माहीत आहे. मला ही छोटी हवी."

वाक्य एवढंच होतं. म्हटल्यावर ते फारच लहान वाटलं. विलासभाऊंनी पंचावन्न-अडीचशे काढून दिली. मी ती घाईने घेतली नाही. काच उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे आहेत का ते पाहिलं, झूम ताणून सैल पडत नाही ना ते पाहिलं, दारात उभी राहून समोरच्या पानाच्या टपरीवर आणि मग लांबच्या टाकीवर फोकस लावून पाहिला. नवरा-नवरी अल्बम सोडून माझ्याकडे बघत होते. बघू दिलं. इसारात बसेल तेवढं बसलं, राहिलेलं काकीने पदराच्या गाठीतून काढून दिलं, आणि वर एक पिशवी आणि काच पुसायचं फडकं मागून घेतलं. "भाकरी खा," ती निघताना विलासभाऊंना म्हणाली. "सकाळचीच हाय."

स्टँडवर आमच्या गाडीला वेळ होता. "भूक लागली," म्हणत काकी भजीच्या गाडीकडे गेली. मी बाकावर बसून नवी लेन्स कॅमेऱ्याला लावली. तिचा कुणाला पत्ताही लागला नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने मानही वळवली नाही. गर्दीच्या पलीकडे, भजीच्या धुराआड काकी उभी होती. मी झूम ओढला आणि ती माझ्याजवळ आली.

भजीवाला ओरडत होता, "काय गो सुली! वळख नाय देत? धसईचा हाय मी, तुझ्या भावाच्या वर्गातला!" काकीचं नाव सुलोचना. आमच्या घरात ते कुणी घेत नसे. ती आईची वहिनी, माझी काकी, काकांची "ऐकलं का" होती. सुली मी पहिल्यांदाच ऐकलं. भजीवाल्याने कागदावर भजी घातली, मग मूठभर तळलेल्या मिरच्या वर टाकल्या आणि काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही. काकीने मान मागे टाकली आणि हसली. पदर खांद्यावरून ढळला होता, पडलेल्या दाढेची जागा दिसत होती, डोळे पार मिटून गेले होते. मी बटण दाबलं. तिला कळलंही नाही.

संध्याकाळी काका ओटीवर बसले होते. त्यांनी नवी लेन्स हातात घेतली नाही. नुसतं विचारलं, "काय दावतं हे?" मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

मग आत बघून ओरडले, "कोनाशी हसतेस गो एवढी?"

"भजीवाल्याशी!" आतून भांड्यांच्या आवाजावरून काकी म्हणाली. "धसईचा हाय. न मागता मिरच्या घातल्या त्यानं."

"मिरच्यांना एवढं हसतात?"

"तुमी घालून बगा कवातरी!"

आई आत खळखळून हसली. काका पडद्यावर वाकले होते आणि त्यांच्या चष्म्यात तो छोटासा चौकोन दिसत होता. त्यांनी बोटाने पडद्याची काच पुसली, जणू मध्ये काही आलं होतं, आणि नजर न काढता मला म्हणाले, "जरा अजून जवळ आन गो तिला."